ब्रेक दाबला की गाडी गचके का खाते?

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून एका मैत्रिणीचं चार पानी पत्र आलं. मसाल्याच्या किंवा लोणच्याच्या शंकांची पत्रं मला रोज येतात, त्यांची उत्तरं उभ्याउभ्या देता येतात. पण हे पत्र मी दोनदा वाचलं. त्यातला थोडा भाग तिच्याच शब्दांत देते.

"मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. घरात सगळ्यांनी हसून घेतलं, पण शिकले. हे नोकरीमुळे आठवड्यातले चार दिवस पुण्याला असतात. सासूबाईंचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांना नेणं-आणणं माझ्याकडेच. गाडी २०१५ सालची आहे, जुनी विकत घेतलेली. दोन महिन्यांपासून सिग्नलपाशी गाडी थांबत आली की पायाखालचा ब्रेक थरथरतो, पुढून कर्रर्र असा आवाज येतो आणि थांबायच्या ऐवजी गाडी गचके खात हातभर पुढे सरकते. परवा तशीच पुढच्या स्कूटरला टेकली. स्कूटरवर लहान मूल होतं. कुणाला लागलं नाही, पण त्याच्या आईनं माझ्याकडे जे पाहिलं, ते डोळ्यांपुढून जात नाही. ह्यांनी हायवेवर चालवून पाहिली, म्हणाले, 'गाडीत काही नाही, तुझाच पाय जड आहे.' गॅरेजवाला म्हणाला, 'ए. बी. एस.चं अख्खं युनिट बदलावं लागेल,' आणि तीस हजारांच्या घरातला आकडा सांगितला. आता सासूबाईंना रिक्षानं नेते. गाडीची किल्ली खिळ्याला टांगून ठेवली आहे. ताई, खरं सांगा, माझंच चुकतंय का?"

मला पहिल्याच वाचनात वाटलं, हिचा पाय जड नाही. पण नुसतं वाटून काय उपयोग? तेव्हा ओळखीच्या दोन जाणत्या मेस्त्रींशी बोलले, गाडीखाली वाकून सगळं समजावून घेतलं आणि तिला उत्तर लिहिलं. ते उत्तर सगळ्याच जणींच्या उपयोगी पडेल असं आहे, म्हणून आज या सदरात देते. गाडी चालवत नसाल तरी वाचा. घरातली गाडी गॅरेजला जाते तेव्हा बिल आपल्याच डब्यातून जातं.

ए. बी. एस. म्हणजे काय?

धुतलेल्या फरशीवरून आपण चालत असतो. चप्पल घसरली की मग पाय आपला राहत नाही, वळू म्हटलं तरी वळता येत नाही. गाडीचं तसंच. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला की चाक फिरायचं बंद होतं आणि टायर नुसता घसरत जातो. घसरणाऱ्या चाकाला स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते.

हे होऊ नये म्हणून ए. बी. एस. असतं. प्रत्येक चाकापाशी एक छोटा सेन्सर बसवलेला असतो आणि चाकाबरोबर फिरणारी एक दातेरी कडी असते. मेकॅनिक तिला सेन्सर रिंग म्हणतात. कडीचे दात सेन्सरपुढून किती भराभर सरकतात त्यावरून चाक किती वेगानं फिरतंय ते गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला कळतं. तीन चाकं फिरताहेत आणि एक एकदम थांबलंय असं दिसलं की तो त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हा देतो, पुन्हा सोडतो. हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं.

आपण दूध तापवताना काय करतो? वर आलं की गॅस बारीक, खाली बसलं की पुन्हा मोठा. दूध तापतंही आणि उतूही जात नाही. ए. बी. एस. ब्रेकचं दूध असंच सांभाळतं. दाब असा सोडला-दिला जात असतो म्हणून पायाखाली पेडल थरथरतं आणि कर्रर्र आवाज येतो.

बॉश कंपनीचं हे तंत्र १९७८ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत पहिल्यांदा मिळू लागलं. आपल्याकडे कित्येक वर्षं ते फक्त महागड्या मॉडेलला असायचं. एप्रिल २०१९ पासून मात्र आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. म्हणजे आता तुमच्या-आमच्या छोट्या गाडीतही ते आहे, फक्त त्याची ओळख कुणी करून दिलेली नाही.

मग बिघडतं कसं?

आता असं समजा, दुधापाशी चष्मा हरवलेल्या आजीबाई बसवल्या आहेत. दूध वर आलेलंच नाही, पण त्यांना साय दिसली की फेस वाटतो आणि त्या गॅस बारीक करतात. दूध काही केल्या तापत नाही. चूक गॅसची नाही, शेगडीची नाही. दिसण्यात चूक आहे.

साताऱ्याच्या गाडीत नेमकं हेच चाललं होतं. एका चाकाचा सेन्सर कॉम्प्युटरला चुकीची खबर देत होता, 'हे चाक थांबलं बरं का!' प्रत्यक्षात चाक व्यवस्थित फिरत होतं. पण कॉम्प्युटर बिचारा ऐकीव बातमीवर चालणारा. त्यानं त्या चाकाचा ब्रेक सोडला आणि गाडी हातभर पुढे गेली.

हे अगदी थांबताना का होतं, वेगात का होत नाही, यालाही कारण आहे. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये एक लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. चाक जोरात फिरलं की त्यातून खणखणीत इशारा निघतो, हळू फिरलं की तो क्षीण होतो. त्यात सेन्सरच्या टोकाला गंज, चिखल किंवा लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला असला तर हळू वेगात इशारा पुरताच हरवतो. म्हणून तिच्या ह्यांना हायवेवर काही जाणवलं नाही आणि गावातल्या प्रत्येक सिग्नलला हिला जाणवत होतं. दोघंही खरंच बोलत होते.

गचका कधी बसतो ते आधी लिहून ठेवा

डॉक्टरांकडे जाऊन नुसतं 'पोटात दुखतं' म्हटलं तर ते चार प्रश्न विचारतातच. कधी? कुठे? जेवणाआधी की नंतर? गाडीचंही तसंच करायचं. आठवडाभर एक वही गाडीत ठेवा आणि गाडी उभी केल्यावर लिहा. वेग किती होता, ब्रेक हळू दाबला की जोरात, रस्ता कोरडा की ओला, थरथर पायाखाली होती की स्टिअरिंगमध्ये, डॅशबोर्डवर दिवा लागला का. त्यावरून निम्मं निदान घरीच होतं.

एक. पावसात किंवा वाळू-खडी पसरलेल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तेव्हाच थरथर आणि आवाज, एरवी काही नाही. हा बिघाड नव्हे. ए. बी. एस. आपलं काम करतंय. घाबरून पाय उचलू नका. तसंच गाडी सुरू करून थोडं पुढे गेल्यावर एकदाच 'खट' किंवा 'घर्र' असा आवाज कित्येक गाड्यांत येतो. ती यंत्रणा स्वतःची तपासणी करत असते.

दोन. कोरडा रस्ता, हलका ब्रेक, वेग जेमतेम सायकलचा, आणि थांबता थांबता पायाखाली थरथर व गचका. इथे सेन्सर, दातेरी कडी, वायर किंवा चाकाचं बेअरिंग यांच्यावर संशय घ्यावा. साताऱ्याची गोष्ट यातली.

तीन. बऱ्यापैकी वेगात असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थडथडतं, आणि वेग कमी होईल तशी थडथडही मंदावते. कर्रर्र आवाज नाही. हे बहुतेक वेळा ए. बी. एस. नसतं. ब्रेकची डिस्क कुठे जाड, कुठे पातळ झालेली असते, किंवा वाकडी फिरत असते. जुन्या पोळपाटाला पोक आला की पोळी कशी एका बाजूला जाड होते, तसं. डिस्क लेथवर घासून किंवा बदलून हे जातं.

चार. ब्रेकला पाय लावलेलाच नाही आणि गाडी वेग घेताना हिसके देते. याचं मूळ बहुधा इंजिनाकडे असतं. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, पेट्रोलचा फिल्टर, क्लच. आपोआप गिअर बदलणाऱ्या ए. एम. टी. गाड्या गिअर बदलताना थोडी मान हलवतातच, तेही ध्यानात घ्या. मात्र ज्या गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल आहे तिथे हेच चाकाचे सेन्सर इंजिनालाही खबर देतात. सेन्सर खोटं बोलला तर 'चाक घसरतंय' असं समजून इंजिनाची ताकद मध्येच कमी केली जाते. त्या वेळी डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र लुकलुकतं. ते दिसलं तर मेकॅनिकला जरूर सांगा.

डॅशबोर्डवरचे दिवे

किल्ली फिरवली की ए. बी. एस. लिहिलेला पिवळा दिवा लागतो आणि थोड्याच वेळात विझतो. हा रोजचा नमस्कार समजा.

तो विझलाच नाही, किंवा चालवताना लागला, तर ए. बी. एस. रजेवर गेलं. साधा ब्रेक लागतो, गाडी थांबते, पण घसरण्यापासून वाचवणारा कुणी नाही. हळू चालवा, अंतर ठेवा आणि लवकर दाखवून घ्या.

पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र 'घरी जाऊन बघू' म्हणू नका. हँडब्रेक पूर्ण सोडलाय ना ते पाहा. सोडलेला असूनही दिवा कायम असेल तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटून देणारी सोय बंद पडलेली असू शकते. गाडी बाजूला घ्या आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.

आणि किल्ली फिरवल्यावर तो पिवळा दिवा मुळीच लागला नाही तर? जुनी गाडी घेताना हे अगदी आठवणीनं पाहा. बिघाड लपवण्यासाठी दिव्याचीच वायर काढून ठेवणारे महाभाग असतात.

सातारच्या मैत्रिणीच्या गाडीत दिवा लागत नव्हता, म्हणून गाडी 'ठीक' ठरली. पण इशारा पुरता तुटला तरच कॉम्प्युटरला बिघाड कळतो. अधूनमधून अडखळला तर त्याला ती खरीच घसरण वाटते. तेव्हा दिवा नाही म्हणजे दोष नाही, असं धरून चालू नका.

गॅरेजात काय सांगायचं?

'गाडी गचके खाते, बघा जरा' एवढंच म्हणून किल्ली देऊ नका. वही काढा आणि सांगा, "कोरड्या रस्त्यावर, अगदी हळू थांबताना, पायाखाली ए. बी. एस. चालू होतं. चारी चाकांच्या सेन्सरचा वेग स्कॅनरवर बघून द्या." एवढं वाक्य म्हटलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो, हा अनुभव आहे.

पुढची तपासणी क्रमानं व्हावी. स्वस्त आधी, महाग शेवटी.

पहिलं, नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चारी टायर एका मापाचे आहेत का, हवा सारखी आहे का? एक टायर वेगळ्या मापाचा असला तर ते चाक वेगळ्या वेगानं फिरतं आणि कॉम्प्युटरचा गोंधळ होऊ शकतो. ब्रेक ऑइल, पॅड आणि लायनर याच वेळी बघून घ्यावेत.

दुसरं, स्कॅनर. गाडीला जोडून चालत्या गाडीतले चारी चाकांचे वेग वाचता येतात. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं आकडे पाहायचे. गाडी हळूहळू थांबवताना तीन चाकं दहा, आठ, सहा दाखवताहेत आणि एक मध्येच शून्यावर जातंय, तर चोर सापडला! एक लक्षात असू द्या. काही साधे स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतात. ब्रेकचे कोड 'सी' अक्षरानं सुरू होतात, ते वाचणारा स्कॅनर हवा. 'कोड नाही' असं कुणी म्हटलं तर कुठल्या स्कॅनरनं पाहिलं ते विचारा.

तिसरं, त्या चाकाचा सेन्सर काढून त्याचं टोक पुसणं, वायर चाकापासून वरपर्यंत हातानं तपासणं. पावसाळ्यात उंदीर गाडीच्या पोटात आसऱ्याला येतात आणि वायरी कुरतडतात, हे कोकणातल्या मैत्रिणींना सांगायला नको.

चौथं, दातेरी कडी. गंजानं ती फुगते आणि तिला चीर जाते. चीर पडली तिथे दोन दातांतलं अंतर वाढतं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला इशारा एकदा अडखळतो. ही चीर केसाएवढी असते. चाक उचलून हातानं सावकाश फिरवत बॅटरीच्या उजेडात पाहिल्याशिवाय ती दिसत नाही.

पाचवं, बेअरिंग. ढिलं बेअरिंग असलं की कडी आणि सेन्सर यांच्यातली फट कमी-जास्त होते. नव्या पद्धतीच्या कित्येक गाड्यांत दातेरी कडीऐवजी बेअरिंगच्याच एका बाजूला चुंबकाची पट्टी असते. असं बेअरिंग उलटं बसवलं तर सेन्सरला काहीच दिसत नाही. म्हणून चाकाचं काम झाल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर ते आठवणीनं सांगा.

एवढं सगळं पाहून झाल्यावर, आणि सगळं ठीक निघाल्यावरच, त्या महागड्या युनिटकडे बोट दाखवायचं. ते बिघडतच नाही असं नाही. पण पोट दुखलं की लगेच ऑपरेशन कुणी करत नाही.

काही मेकॅनिक मोकळ्या मैदानात, हळू वेगात, ए. बी. एस.चा फ्यूज काढून चाचणी घेतात. गचका गेला तर दोष ए. बी. एस.च्या घरातला आणि राहिला तर दुसरीकडचा. चाचणी म्हणून हे योग्य आहे. पण "फ्यूज काढून ठेवतो ताई, कटकट गेली," असं कुणी म्हटलं तर ठाम नाही म्हणा. ती कटकट नाही. पावसात घाट उतरताना तीच तुमच्या मुलाबाळांना सांभाळणार आहे.

दुरुस्ती होईपर्यंत

गाडी अशी पुढे सरकत असेल तर खरं म्हणजे वापरूच नये. गॅरेजपर्यंत न्यायचीच झाली तर सकाळी रहदारी नसताना न्या. पुढच्या गाडीपासून एरवीच्या दुप्पट अंतर ठेवा आणि लवकर ब्रेक दाबायला सुरुवात करा. गचका बसला तरी पाय उचलू नका, दाबून धरा. अगदी चालण्याच्या वेगाखाली ए. बी. एस. सहसा काम सोडून देतं आणि साधा ब्रेक लागतो. हँडब्रेकवर हात तयार असू द्या.

आणि हो, जुन्या गाडीवर शिकलेल्यांना थोड्याथोड्या वेळानं ब्रेक दाबायची-सोडायची सवय असते. ए. बी. एस.च्या गाडीत तसं करायचं नाही. दाबायचा, दाबून धरायचा आणि स्टिअरिंग वळवायचं. सोडायचं-धरायचं काम यंत्र करतं, आपल्यापेक्षा कितीतरी जलद. तरी खडीवर किंवा सैल मातीवर ए. बी. एस. असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकतं, तेव्हा तिथे वेगच कमी ठेवा.

पुढे काय झालं?

दीड महिन्यानं तिचं दुसरं पत्र आलं, या वेळी एकच पान. आठवडाभर वही लिहिली. नऊ वेळा गचका बसला होता, नऊही वेळा कोरड्या रस्त्यावर, नऊही वेळा थांबताना. वही घेऊन ती दुसऱ्या मेस्त्रीकडे गेली. त्यानं वही वाचली, स्कॅनर लावला आणि तिलाच आकडे वाचायला बसवलं. पुढचं डावं चाक मध्येच शून्य दाखवत होतं. चाक काढलं तर दातेरी कडीला चीर! कडी बदलली, सेन्सर पुसला, ब्रेक ऑइल बदललं. बिल तीन हजारांच्या आत.

"ह्यांना चीर पडलेली कडी दाखवली," तिनं लिहिलं होतं. "बराच वेळ हातात घेऊन बघत होते. मग म्हणाले, 'तुला बोललो ते चुकलंच.' सासूबाई मात्र म्हणाल्या, 'मी तर आधीपासून सांगत होते, रिक्षापेक्षा सूनबाईची गाडी बरी.' मंगळवारपासून परत गाडीनंच नेते."

मैत्रिणींनो, एका केसाएवढ्या चिरेनं तीस हजारांचा खड्डा पडायची वेळ आणली होती. त्याहून वाईट म्हणजे एका शहाण्यासुरत्या बाईचा स्वतःवरचा विश्वास उडवला होता. गाडी गचके खाते तेव्हा चालवणाऱ्याचा पाय चुकतही असेल, नाही असं नाही. पण ते ठरवायच्या आधी चाक उचलून बघावं.

लक्षात ठेवा

• ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तसं, बदलून घ्या. डॉट ३ की डॉट ४, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घाला.

• पावसाळा संपला की चाकांच्या आतल्या बाजूचा चिखल साध्या पाण्यानं धुऊन घ्या. पाण्याचा जोराचा फवारा सेन्सरच्या वायरींवर जवळून मारू देऊ नका.

• बदललेला जुना भाग नेहमी मागून घ्या. काय बदललं ते कळतं, आणि कधीकधी घरी दाखवायलाही उपयोगी पडतो!